ती कविता क्लेमेन्सची नाही

लिपोवेक, ८ नोव्हेंबर १८५७

प्रिय होनोरातावहिनी यांस,

प्रभूची कृपा तुम्हा मायलेकींवर असो. तुमचं पत्र आधी पोचलं, क्लेमेन्स नंतर. सरहद्दीवर त्याचे कागद तपासायला साहेबलोकांना बरेच दिवस लागले. आपल्यासारख्या साध्या माणसांसाठी ते किती मेहनत घेतात! पण पोचला. बरा आहे. खोकला आहे, पण तो पॅरिसहूनच आणलाय असं म्हणतो, म्हणजे तुम्हाला माहीत असेलच.

आई खिडकीशी बसली होती. तिला आता उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढंच कळतं. क्लेमेन्सने गुडघे टेकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं. तिने त्याच्या तोंडावरून बोटं फिरवली. मी रुमाल काढून तयार होते, म्हटलं आता रडारड होणार. तर आई म्हणते, "पेत्रुस्या, हा कोण म्हातारा घरात घेतलास?"

"आई, मी क्लिमेक."

"आमच्या क्लिमेकला दाढी नव्हती."

"सव्वीस वर्षं झाली गं."

"मग? सव्वीस वर्षांत एकदाही तोंड भादरायला वेळ मिळाला नाही?"

मग मात्र तिने त्याचं डोकं मांडीवर दाबून धरलं आणि सूप थंड होईपर्यंत सोडलं नाही. वहिनी, तुम्ही त्याला येऊ दिलंत, त्याबद्दल देव तुमचं भलं करो. आई रोज विचारायची, "तो कधी येणार?" आणि मी रोज म्हणायचे, "रस्ता वाळला की." आता ती विचारत नाही. नुसती त्याच्या पावलांचा आवाज ऐकते आणि झोपते.

दुसऱ्या दिवशी त्याला नदी बघायची होती. तुम्हाला त्याची ती नदीवरची लांबलचक कविता ठाऊकच आहे. आमच्याकडे तिच्या हाताने उतरवलेल्या नकला फिरायच्या, मुलींना पानंच्या पानं पाठ असायची. काठावर गेलो. तो इकडे बघतो, तिकडे बघतो.

"ते विलोचं झाड कुठे गेलं?"

"कुठलं?"

"ज्याच्याखाली लेऑन आणि मी पोहायला कपडे काढून ठेवायचो ते. अगं, ज्याच्यावर मी अख्खा सर्ग लिहिला!"

मला असं झाड काही आठवेना. घरी येऊन आईला विचारलं, तर ती हसतच सुटली. "ते तुझ्या मामाच्या गावाला! इथे कुठलं झाड? इथे नुसती रेती." क्लेमेन्सही हसला. पण मग एवढंच म्हणाला, "परदेशात बसून मी ज्या झाडासाठी रडलो, ते इथे कधी नव्हतंच."

गावातलं कोणी अजून भेटायला आलेलं नाही. रस्त्यात चिखल फार आहे. चौकापलीकडे आमचे औषधवाले दोब्रोगोस्त राहतात. आमच्या धाकट्या भावाने, लेऑनने, शेवटी त्यांच्याच मांडीवर प्राण सोडला, हे क्लेमेन्सने तुम्हाला सांगितलं असेल. त्यांच्या दुकानाच्या दाराची घंटा आमच्या घरात ऐकू येते. तेही अजून आले नाहीत. त्यांना संधिवाताचा त्रास आहे.

कोर्नेलियाला आत्याचे गोड पापे. तिच्यासाठी मोजे विणते आहे. लग्न ठरलंय म्हणता, तेव्हा पांढरेच विणते.

तुमची नणंद,
पेत्रोनेला


लिपोवेक, २० फेब्रुवारी १८५८

प्रिय वहिनी,

तुमची दोन पत्रं पाठोपाठ मिळाली. क्लेमेन्स का लिहीत नाही म्हणून तुम्ही रागावला आहात. अहो, तो काहीच लिहीत नाही. दौतीतली शाई गोठली होती, ती त्याने चुलीशी ठेवून वितळवलीसुद्धा नाही. सकाळी टेबलाशी बसतो, माझ्यासमोर. मी गव्हातले खडे निवडते, तो बोटांनी टेबलावर ठेका धरतो, मग तोही थांबतो. मी विचारलं, "काय जुळत नाही?" तर म्हणाला, "जुळतं सगळं. ऐकणारं कोणी दिसत नाही."

चर्चमध्ये आता आमच्या बाकावर ऐसपैस बसायला मिळतं. पूर्वी फार दाटी व्हायची.

एक मान्यवर पाहुणे मात्र येऊन गेले. आमच्या जिल्ह्याचे कर्नलसाहेब. अतिशय सभ्य माणूस, दारातच बूट पुसले. चहा घेतला, खसखशीच्या पोळीचं कौतुक केलं, आईच्या डोळ्यांची चौकशी केली. मग म्हणाले, "उन्हाळ्यात वरून फार मोठे पाहुणे येणार आहेत. आपल्यासारख्या कवीने स्वागताच्या चार ओळी लिहिल्या, तर किती शोभेल! कृपेची परतफेड म्हणून नव्हे. आनंद म्हणून."

क्लेमेन्स म्हणाला, "मला आता यमक सुचत नाही."

"चारच ओळी."

"एकही सुचत नाही."

आई कोपऱ्यातून म्हणाली, "साहेब, त्याला लहानपणीसुद्धा पाहुण्यांसमोर म्हणून दाखव म्हटलं की पोटात दुखायचं." कर्नलसाहेब मनापासून हसले. जाताना म्हणाले, "विचार करा. घाई नाही."

ते गेल्यावर आईने विचारलं, "मी बरं बोलले ना?" क्लेमेन्सने तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

थंडी कडक आहे. आम्ही सगळे ठीक आहोत. तुम्हीही हवापाण्याबद्दल लिहीत जा, वाचायला बरं वाटतं. बाकीचं मनात ठेवा.

तुमची,
पेत्रोनेला


लिपोवेक, ३० सप्टेंबर १८५८

होनोराता,

आज वहिनी म्हणत नाही. आज मला बहीणच हवी आहे, म्हणून तू म्हणते. राग आला तर येऊ दे.

हे पत्र टपालाने येत नाही. धान्याचे व्यापारी मेंडेल तराफ्यांबरोबर ग्दान्स्क बंदराला जातायत, तिथून पुढे ते ओळखीच्या माणसाकडून पाठवतील. ते हे टोपीच्या अस्तरात शिवून नेणार आहेत. म्हणाले, "बाईसाहेब, तुमच्या भावाला मी ओळखत नव्हतो, पण माझ्या बायकोच्या आजारपणात तो चौकशी करायला आला होता. गावातलं दुसरं कोणी आलं नव्हतं." म्हणून या पत्रात हवापाणी नाही.

तुला वाईट बातमी आधी कळली असेल. वर्तमानपत्रात आलं होतं. कळली नसेल, तर मी इथेच सांगते, शेवटपर्यंत ताटकळत ठेवत नाही. क्लेमेन्स गेला. एकोणीस ऑगस्टला, दुपारी.

आता जे टपालात लिहिता आलं नाही ते लिहिते.

चिखलामुळे कोणी आलं नाही असं मी लिहिलं होतं. चिखल गोठला, बर्फ पडलं, वितळलं, रस्ते कोरडे झाले, तरी कोणी आलं नाही. दोब्रोगोस्तना संधिवात नाही. चर्चमध्ये आम्ही बाकावर बसलो की त्यावरची माणसं उठून भिंतीशी उभी राहायची. म्हाताऱ्या बायकासुद्धा. पहिल्यांदा क्लेमेन्सला वाटलं त्यांना आपल्याला जागा करून द्यायची आहे. तो उठून म्हणाला, "बसा ना, बसा." कोणी बसलं नाही. दुसऱ्या रविवारी त्याला कळलं. तिसऱ्या रविवारी तो स्वतःच भिंतीशी उभा राहिला, तर भिंतीशी उभे असलेले लोक बाकांवर जाऊन बसले.

कारण तुला माहीत आहे. तो अर्ज. "माझ्या हातून घडलेल्या चुकीचा मला पश्चात्ताप आहे," असं लिहून दिल्याशिवाय रशियाविरुद्धच्या उठावानंतर परागंदा झालेल्या कोणालाच परत येऊ देत नव्हते. त्याने आईसाठी लिहून दिलं. पण गावाने त्याला आईचा मुलगा म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. ज्याचं गाणं म्हणत पोरं लढाईला गेली, तो कवी म्हणून त्यांनी त्याला मनात ठेवला होता. आमच्या गल्लीत असं एक घर नाही, जिथे ते गाणं कोणी दरवाजा लावून म्हटलं नसेल.

तरी तेवढ्यावर भागलं असतं. लोक कंटाळतात, विसरतात. पण मे महिन्यात वॉर्साहून वर्तमानपत्र आलं आणि त्यात त्या मोठ्या पाहुण्यांच्या, म्हणजे झारच्या, स्वागताची कविता होती, खाली क्लेमेन्सचं नाव.

होनोराता, मी त्याच्यासमोर बसत होते. सगळा हिवाळा आणि सगळा वसंत. त्याने एक ओळ लिहिली नाही. लिहिली असती तर मला कळलं असतं. आमच्या घरात कागदसुद्धा मीच आणते. कर्नलसाहेब त्यानंतर दोनदा आले होते. दोन्ही वेळा तो नाहीच म्हणाला. दुसऱ्या वेळी तर त्यांना चहाही विचारला नाही.

ते पान त्याने माझ्या हातून घेतलं, वाचलं, आणि हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. "पेत्रुस्या, बघ, 'गरुड' आणि 'अमृत'! हे यमक आहे? मी विकला गेलो असं लोकांना वाटेल, वाटू दे. पण इतकी वाईट कविता मी लिहिली असं वाटलं तर?" आणि हसता हसता त्याने डोकं टेबलावर टेकवलं. मी पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं की हसणं कधीच संपलं होतं.

वर्तमानपत्राला त्याने खुलासा पाठवला. तो परत आला, वर लाल पेन्सिलीची रेघ. पुन्हा पाठवला, तो परतही आला नाही. मग एका रविवारी प्रार्थना संपल्यावर तो चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहिला. बाजाराचा दिवस असल्यासारखी गर्दी होती. त्याचा आवाज तू ऐकला आहेस. तो आवाज राहिला नव्हता, तरी त्याने ताण दिला. "लोकहो, ती कविता मी लिहिली नाही. आईची शपथ."

लोक पायऱ्या उतरत राहिले. कोणी मान वर केली नाही. फक्त दोब्रोगोस्त थांबले. मला वाटलं, देव पावला.

ते म्हणाले, "नसेल लिहिली. मानतो मी."

"आभारी आहे," क्लेमेन्स म्हणाला.

"अर्ज कोणी लिहिला?"

क्लेमेन्स एक पायरी खाली उतरला.

"तुमचा भाऊ तुमचं गाणं म्हणत गेला, साहेब. त्याचं डोकं मी धरलं होतं. शेवटचं कडवं त्याला पुरं करता आलं नाही, ते मी केलं. आणि तुम्ही लिहून दिलंत की ती चूक होती. मग आमचा लेऑन काय, चुकून मेला?"

होनोराता, दोब्रोगोस्त वाईट माणूस नाही. ते बोलले आणि स्वतःच रडायला लागले, आणि रडतच दुकानात गेले. क्लेमेन्स घरी येताना वाटेत म्हणाला, "त्याचं बरोबर आहे." मी म्हटलं, "काही बरोबर नाही, तू आईसाठी आलास." तो म्हणाला, "हो, पण लेऑनचीही आई तीच होती ना?"

पायऱ्यांवरचं बोलणं कर्नलसाहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी बोलावून घेतलं. परत आला तो पांढराफटक. सांगितलं होतं, पुन्हा एकदा असं जाहीर बोललात, तर रशियाच्या आतल्या मुलखात रवानगी, आणि आईबरोबर कोण राहील याचा विचार तुम्हीच करा. त्याने तिथल्या तिथे पॅरिसला परत जायची परवानगी मागितली. नाकारली. कर्नलसाहेब म्हणे फार नवल करत होते. "आपल्याला तर घरी यायचं होतं ना?"

मग तुझं पत्र आलं.

इथे मला थांबावंसं वाटतं. कालपासून तीनदा थांबले. तुला दोष द्यायला हे लिहीत नाही, हे आधी मान. तू तिकडे एकटी होतीस, तुझ्यासमोर तेच छापील पान होतं, आणि मी तुला हवापाण्याची पत्रं पाठवत होते. तुला कसं कळावं? कोर्नेलियाची सोयरीक मोडली, मुलाच्या बापाने ती कविता जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली, हे सगळं मी त्यात वाचलं. कोर्नेलियाची आई म्हणून तुझ्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं, की यापुढे पॅरिसला पत्र पाठवू नये.

पत्र माझ्या नावाने होतं. मी ते लपवणार होते. पण त्याने पाकिटावरचं अक्षर ओळखलं. इतक्या महिन्यांनी तुझं अक्षर दिसलं म्हणून त्याचा चेहरा असा काही उजळला, की मला ते पत्र मागे घेता आलं नाही.

त्याने वाचलं. नीट घडी घातली. ताटातलं सूप संपवलं. मी मेलेल्या मनाने विचारलं, "अजून वाढू?" म्हणाला, "वाढ." खाल्लं. उठून आईजवळ जाऊन बसला आणि तिच्या पायांवर शाल नीट केली. रडला नाही, ओरडला नाही. त्याच आठवड्यात खोकल्यातून रक्त पडायला लागलं.

तुझ्या पत्राने तो गेला असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले, छाती फार पूर्वीपासून पोखरली होती. डॉक्टर परसदाराने यायचे. दोब्रोगोस्तनी औषधं दिली, पैसे घेतले नाहीत, आणि आलेही नाहीत.

शेवटच्या दिवसांत तो बोलायचा ते कोर्नेलियाबद्दल. ती लहान असताना त्याच्या टेबलाखाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधायची, आणि तो मुद्दाम उठताना पडायचा, हे त्याने मला किती वेळा सांगितलं! एकदा मी विचारलं, "एखादी कविता सांगतोस? मी उतरवून घेते." मला वाटलं, काहीतरी राहील मागे. त्याने मान हलवली. "कोणत्या तोंडाने? खाली नाव कोणाचं घालशील?"

जायच्या आदल्या दिवशी म्हणाला, "होनोराताला लिही, मला राग नाही." मी हो म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा हाक मारली. "नको लिहूस तसं. तिला वाटेल, राग यायला हवा होता." मग काय लिहू, विचारलं. त्याने बराच विचार केला. मला वाटलं झोप लागली. तर म्हणाला, "लिही, की तिच्या हातचं लिहिलेलं शेवटी वाचायला मिळालं." होनोराता, हे तुला कळवावं की नाही याचा मी महिनाभर विचार केला. त्याने सांगितलं तसं कळवते. त्यात टोचणं नव्हतं, एवढं मी देवासमोर सांगेन.

मला वाटलं होतं, मेल्यावर तरी लोक येतील. मेलेल्या माणसावर कोण राग धरतो? आणि खरंच, त्या सकाळी दोब्रोगोस्तनी दुकान बंद ठेवलं. काळा कोट घालून ते दारात उभे होते. मी खिडकीतून पाहिलं. शेजारची दोन घरंही तयार होत होती.

तेवढ्यात कर्नलसाहेबांची गाडी आली. मागे आणखी दोन गाड्या आणि सहा घोडेस्वार. हातात एवढा मोठा पुष्पहार, त्यावर रशियन अक्षरांची रेशमी पट्टी. मी दारात आडवी आले. म्हटलं, "साहेब, उपकार करा, हे नको." ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, मला वरून हुकूम आहे. मलाही हे बरं वाटत नाही." आणि तो हार शवपेटीवर ठेवला.

मी पुन्हा बाहेर बघितलं तेव्हा दोब्रोगोस्त कोटाची बटणं काढत होते. मग त्यांनी दार लावून घेतलं.

शवपेटीमागे मी होते, फादर होते, मेंडेल रस्त्याच्या कडेने टोपी हातात घेऊन चालत होते, आणि बाकी सगळे गणवेशातले. ज्याच्या गाण्यावर अख्खी पलटण चालत गेली, त्याच्यामागे ही माणसं.

पुढच्या आठवड्यात त्याच वर्तमानपत्राने छापलं: "निष्ठावान कवीचं निधन." तेही तिकडे पोचलं असेल. क्लेमेन्स पॅरिसच्या ज्या छापखान्यात मुद्रितं तपासायचा, तिथल्या आपल्या लोकांना मी मेंडेलकडूनच जुलैमध्ये चिठ्ठी पाठवली होती, की ती कविता त्याची नाही. त्यांचं उत्तर आलं. बहिणीने असं म्हणणं साहजिक आहे, असं लिहिलंय. क्रूस लाकडी घातला आहे. त्यावर नुसतं नाव आहे. 'कवी' हा शब्द कोरायला सुतार तयार नव्हता, आणि मीही जोर केला नाही. कोणी डांबर फासलं असतं तर ते मला धुवावं लागलं असतं.

आईला तू विचारशील. आई आहे. अंत्ययात्रेच्या दिवशी तिला उठवत नव्हतं, म्हणून ती खिडकीशीच होती. मी परत आले, डोक्यावरचा रुमाल सोडला, तशी म्हणाली, "पेत्रुस्या, मी मोजत होते. किती गाड्या! किती घोडे! एवढी माणसं आली होती?"

"हो, आई."

"सगळा गाव आला होता?"

"सगळा."

"बघ. आणि तू म्हणायचीस, त्याला कोणी भेटायला येत नाही." मग तिने हात जोडले आणि त्याच्यासाठी प्रार्थना म्हटली, एकही शब्द न चुकता.

तिच्याशी खोटं बोलायला मला काही कष्ट पडले नाहीत. खरं सांगायला या जगात तू एकटीच उरली होतीस, आणि तूही ते मानशील की नाही, मला माहीत नाही. मानलंस, तर कोर्नेलियाला सांग. नाही मानलंस, तर काहीच सांगू नकोस. निदान बापासाठी तिला लोकांशी भांडत बसावं लागणार नाही. उत्तर पाठवू नकोस. ते माझ्याआधी दुसरेच लोक वाचतील.

तुझ्याइतकीच त्याच्यावाचून राहिलेली,
पेत्रोनेला